छकुलीच्या डोक्यातला पक्षी

लिफ्टवाल्याच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तरी लोक पाय ठेवतच होते. ते दुसऱ्याच्या पायावर पडत होते, एवढंच. कुणी कुरकुर करत नव्हतं. पक्षी बघायला आलेल्या माणसाने पायासारख्या क्षुल्लक गोष्टीवरून भांडू नये, अशी एक शिस्त तिथे आपोआप लागली होती. खिडकीच्या कट्ट्यावर माणसं, जिन्यात माणसं. न्हाणीघराच्या दारात एका बाईने बादली उपडी घातली होती आणि ती त्या बादलीवर तोल सांभाळत उभी होती, कारण तिथून पक्षी तिरका का होईना, पण अख्खा दिसायचा. बहुतेकांच्या मुठीत दाणे होते. एकाने पिंजरा आणला होता, त्याला सगळ्यांनी मिळून झापलं.

"अहो, पक्षी पोरीच्या डोक्यात आहे. पिंजरा कशाला? डोकं हाच पिंजरा!" एक निवृत्त कारकून म्हणाला. वाक्य चांगलं जमलंय हे लक्षात आल्यावर जिन्यातल्या लोकांसाठी त्याने ते पुन्हा एकदा म्हटलं.

समोर टेबलावर एक काळी पेटी, तिला पुढून काच. टेबलाच्या बाजूला खुर्चीत छकुली बसली होती. सहा वर्षांची पोर, मान एका अंगाला कललेली, फ्रॉकचं बटण तोंडात. तिला बोलता येत नसे, चालायला कुणाचं तरी बोट लागे. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे पेटीकडे बघत होते.

खिडक्यांवर चादरी ओढल्या गेल्या. भर दुपारी खोलीत अंधार झाला. पेटी उजळली, काचेत छकुलीच्या मेंदूचा फोटो उमटला आणि त्या करड्या मेंदूच्या मधोमध एक पांढराशुभ्र पक्षी दिसला. सडपातळ अंग, दोन्ही पंख वर उचललेले.

"पाखरा," टेबलामागून आवाज आला, "जमलेल्या मंडळींवर प्रसन्न आहेस का?"

पक्ष्याने पंख हलवले.

एकदा वर, एकदा बाजूला. पुन्हा वर. खोलीभर सुस्कारा गेला. बादलीवरची बाई हात जोडण्याच्या नादात खाली आली आणि पुन्हा चढली.

दाराशी, चपलांच्या ढिगात घोट्यापर्यंत बुडून, एक तरुण बाई उभी होती. तिने हात जोडले नव्हते. तिने हा पक्षी आधी पाहिला होता. किंबहुना जगात सगळ्यात आधी तिनेच पाहिला होता, आणि ह्या सगळ्या प्रकाराचं मूळ शोधत कुणी निघालं असतं, तर ते थेट तिच्या तोंडापाशी येऊन थांबलं असतं.

ती हॉस्पिटलातली फोटोडॉक्टर. म्हणजे एमआरआय वगैरे यंत्रांतून निघालेली चित्रं वाचणारी. ही जमात अंधाऱ्या खोलीत राहते, पेशंटला सहसा तोंड दाखवत नाही आणि दिवसभर दुसऱ्यांच्या मेंदूत ओळखीच्या वस्तू शोधत बसते. कारण जन्मापासून वेगळ्या घडणीचे मेंदू नाना तऱ्हांचे असतात, आणि एकेकाचं शास्त्रीय नाव उच्चारून होईस्तोवर चहा गार होतो. म्हणून मग कुणाच्या मेंदूत दाढ दिसते, कुणाच्या मेंदूत शर्यतीची मोटार, कुणाच्या मेंदूत आठाचा आकडा. पुस्तकात तसंच छापलेलं असतं आणि परीक्षेत तसंच विचारतात. दाढ दिसली तर अमुक दोष, मोटार दिसली तर तमुक. ह्या कामात डॉक्टरीणबाई भलत्याच तरबेज होत्या. इतरांना मोटार दिसायच्या आत त्यांना तिचा नंबर दिसायचा.

छकुलीला फिट यायच्या, म्हणून तिचा फोटो काढला होता. तो पडद्यावर आला तेव्हा डॉक्टरीण शेजारच्या मशीनवाल्याला आनंदाने म्हणाली होती, "अरे बघ, बघ! पक्षी! काय सुंदर पक्षी आहे!"

मागे दारात छकुलीची आई उभी होती. एका हातात पोरीचे बूट, दुसऱ्या हातात तिच्या केसांतली पिन. मशीनमध्ये लोखंड चालत नाही म्हणून काढून घेतलेली. पोरीच्या बाबतीत 'सुंदर' हा शब्द तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

पुढे मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून नीट सांगितलं. दोष जन्माचा आहे. तो दुरुस्त होत नाही. फिटची गोळी रोज द्या, चुकवू नका. आईने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि घरी जाताना फक्त पक्षी बरोबर नेला.

घरी तिचा मावसभाऊ बसला होता. तो दारोदार पाण्याचे फिल्टर विकायचा. छकुलीचा मामा म्हणून सगळी गल्ली त्याला फिल्टरमामा म्हणे. गिऱ्हाइकाच्याच ग्लासात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घाण काढून दाखवायची आणि मग तीच घाण नाहीशी करून दाखवायची, ह्या कलेत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बहिणीने त्याला फिल्म दाखवली. त्याने ती खिडकीशी धरली, बराच वेळ पाहिली, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की घरातल्यांना वाटलं, भक्तिभाव दाटून आला. तो भक्तिभाव नव्हता. धंद्यातल्या माणसाला नवं मॉडेल दिसलं की तसं होतं.

हे सगळं डॉक्टरीणबाईंना कळलं ते हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये. छकुलीचे वडील तिथल्याच लिफ्ट दुरुस्त करायचे. दोन मजल्यांच्या मध्ये त्यांनी लिफ्ट मुद्दाम थांबवली.

"मॅडम, एक विचारू? पक्ष्याला गोळी चालते का?"

"कुठल्या पक्ष्याला?"

"आता असं काय करता! तुम्हीच तर शोधून काढलात."

मग तिने हळूहळू सगळं काढून घेतलं. मेव्हण्याने गोळ्या बंद केल्या होत्या. गोळीने पक्ष्याला गुंगी येते म्हणे. आणि फिट येते ती फिट नाहीच. ते उड्डाण.

"आणि तुम्ही चालवून घेतलंत?"

"मी लिफ्टवाला, मॅडम. लोकांना वर नेतो, खाली आणतो. घरात माझं बटण कुणी दाबतच नाही." त्यांनी हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं. "परवा तिला दोनदा आली. खोलीतली माणसं हात जोडून उभी. पोर जमिनीवर तडफडतेय आणि मी तिच्यापर्यंत पोचूच शकलो नाही. गर्दी होती."

म्हणून डॉक्टरीण आज इथे आली होती.

खोलीत आता प्रश्नोत्तरं सुरू झाली होती. पंख वर गेले की 'हो', बाजूला पसरले की 'नाही', अशी सुटसुटीत व्यवस्था होती. कारकुनाने विचारलं, शेजाऱ्याने भिंत माझ्या हद्दीत घातली आहे का? पक्षी म्हणाला, हो. शेजारी चार माणसं सोडून उभाच होता. त्याने विचारलं, भिंत माझ्याच हद्दीत आहे ना? पक्षी त्यालाही हो म्हणाला. पक्षी निःपक्षपाती होता.

"मंडळी, हा साधा पक्षी नाही," फिल्टरमामा सांगत होता. पांढरा सदरा, कपाळावर घाम, आवाजात मध. "हा सात थरांतून शुद्ध होऊन आलेला जीव आहे. पहिल्या थरात मोह गळतो, दुसऱ्यात राग गळतो, तिसऱ्यात क्षार... म्हणजे अहंकार गळतो. असा नग लाखात एक निघतो. देखभाल शून्य. फक्त पाणी शुद्ध लागतं. त्याचं मी मागाहून बोलतो."

डॉक्टरीण भिंतीला चिकटून सरकत सरकत छकुलीच्या आईपर्यंत पोचली आणि तिच्या कानाशी वाकली.

"ओळखलंत का मला?"

"तुम्हाला नाही ओळखणार? या, बसा ना. आई, ह्यांना जागा द्या." सासूबाई तिला वारा घालत होत्या. त्या हातातल्या पंख्यासकट बाजूला झाल्या.

"गोळ्या का बंद केल्यात?"

आईने हनुवटीने सासूकडे खूण केली. "बाई, ही माझी सासू. सहा वर्षं म्हणत होती, गरोदरपणी तू ऐकलं नाहीस, शिडी चढलीस, म्हणून पोर अशी निपजली. शेजारीपाजारी पोरीला बघून आपली मुलं आत घ्यायचे. आज बघा, त्याच बायका तिच्या पाया पडतात. सासू मला वारा घालते. तुम्ही सगळे डॉक्टर मिळून म्हणालात, काही होण्यासारखं नाही. हा म्हणाला, पक्षी आहे." ती पेटीकडे बघत राहिली. "मी काय निवडायचं होतं?"

वैद्यकीच्या अभ्यासात हा प्रश्न कुठेच येत नाही, आणि आला असता तरी पर्यायात 'पक्षी' नसता. डॉक्टरीणबाईंनी छकुलीकडे पाहिलं. पोरीच्या ओठाचा कोपरा बारीक फडफडत होता. थांबत होता, पुन्हा फडफडत होता. चिन्ह काही बरं नव्हतं.

तिने मान वर केली. पेटीत पक्षी पंख हलवत होता. आणि रोज चित्र वाचणाऱ्या डोळ्यांना सवयीने जे दिसायला हवं, ते दिसलं.

"सगळे एक मिनिट ऐका," ती मोठ्याने म्हणाली. "पक्ष्याकडे बघू नका."

हा सल्ला कुणाला पटला नाही.

"बघू नका म्हणजे, त्याच्या खाली बघा. फोटोच्या तळाशी. पंख वर असताना खाली काय दिसतंय?"

लोकांनी मान तिरकी केली. "जबड्यासारखं काहीतरी," कारकून म्हणाला. "मध्ये जीभ आहे वाटतं."

"बरोबर. आता पंख पसरू द्या. आता काय आहे?"

"कोबी!" बादलीवरची बाई ओरडली. "अर्धा कापलेला कोबी!"

"तो कोबी म्हणजे लहान मेंदू. तो डोक्याच्या मागच्या बाजूला असतो. जबडा पुढच्या बाजूला. आता मला सांगा, पंख हलवताना पक्षी पोरीचा जबडा कुठे नेऊन ठेवतो?"

पेटीत पंख वर गेले, जबडा आला. पंख बाजूला पसरले, कोबी आला. एकदा दिसल्यावर ते न दिसणं अशक्य होतं. पिंजरावाला तर आता फक्त कोबीच बघत होता.

"उड्डाणाच्या वेळी वाचा लोपते," फिल्टरमामा म्हणाला. "म्हणून जबडा अंतर्धान पावतो. त्यात नवल ते काय?"

"आणि कोबी?"

फिल्टरमामाने एक क्षण घेतला. फक्त एकच. "ते त्याचं खाद्य."

काही माना डोलल्यासुद्धा. पण लिफ्टवाला गर्दीतून वाट काढत टेबलापाशी पोचला होता. घरात त्याचं बटण कुणी दाबत नसलं, तरी खिशात स्क्रूड्रायव्हर होता. त्याने पेटी फिरवली, मागचे स्क्रू काढले, फळी उचकटली आणि म्हणाला, "चादरी काढा खिडकीवरच्या."

उजेडात पेटीचं पोट सगळ्यांनी पाहिलं. आत मधोमध एक काच तिरकी बसवलेली. तिच्या मागे एक फिल्म, बाजूच्या भिंतीला दुसरी, आणि दोघींच्या पाठीशी एकेक दिवा. मागचा दिवा लागला की काचेच्या आरपार मागची फिल्म दिसायची. तो विझून बाजूचा लागला की त्याच काचेत, बरोबर त्याच जागी, बाजूच्या फिल्मचं प्रतिबिंब पडायचं. वायर टेबलाच्या पायावरून खाली गेली होती. तिच्या टोकाला बटण होतं, आणि बटणावर फिल्टरमामाच्या पायाचा अंगठा.

"एमआरआय डोक्याचे काप दाखवतो, पाव कापावा तसे," डॉक्टरीण म्हणाली. "दोन्ही फिल्म ह्याच पोरीच्या, एकाच दिवशी काढलेल्या. एक पुढचा काप, एक मागचा. पुढच्या कापात आकार निमुळता, मागच्यात पसरट. दोन चित्रं आलटून पालटून दाखवली की हलल्यासारखं वाटतं. ह्यात काही हलत नाही. हलतोय तो फक्त ह्यांचा अंगठा."

सगळ्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा हळूच चपलेत गेला.

आता फिल्टरमामा पळेल असं डॉक्टरीणबाईंना वाटलं. पण जो माणूस दारोदार फिल्टर विकतो, त्याच्या तोंडावर रोज पंचवीस दारं आपटलेली असतात.

"हलवला मी!" तो छाती पुढे काढून म्हणाला. "कबूल! लोकांना हललेलं आवडतं म्हणून हलवला. पण पक्षी मी काढला का? फोटो कुणाच्या मशीनमधला? आणि मंडळी, विचारा ह्या मॅडमना, पहिल्यांदा 'पक्षी' कोण म्हणालं? 'सुंदर' कोण म्हणालं?"

अख्खी खोली डॉक्टरीणबाईंकडे वळली. वळलेल्यांत छकुलीची आईही होती.

"मी म्हणाले," डॉक्टरीण म्हणाली.

"झालं तर!" मामाने हात पसरले.

"मी म्हणाले, कारण तसा दिसतो. ढग हत्तीसारखा दिसतो, म्हणून त्याला कुणी चारा टाकत नाही. ते पाणी आहे. प्रत्येकाच्या मेंदूत पाण्याच्या पोकळ्या असतात. माझ्या आहेत, तुमच्याही आहेत. आणि मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा एक जाड पूल असतो. तो आईच्या पोटातच तयार होतो. हिचा झाला नाही. पूल नाही, म्हणून पोकळ्यांचा आकार बदलला. ज्या ज्या मुलांचा पूल तयार होत नाही, त्यांच्या फोटोत साधारण हाच आकार येतो. अशी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत."

"कितीतरी?" कारकुनाचा आवाज कापला. "म्हणजे पक्षी एकटा नाही?"

"अहो, पक्षी नाहीच आहे..."

"थवा आहे!" बादलीवरून घोषणा झाली.

"आणि पाणी आहे असं मॅडम स्वतः म्हणाल्या," फिल्टरमामाने लगेच सूर पकडला. "मी काय निराळं सांगत होतो? पाणी आहे, तर ते शुद्ध नको?"

लोकांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. डॉक्टरीण बघत राहिली. आपलं सरळ वाक्य माणसांच्या कानात शिरताना आणि पलीकडून पंख फुटून बाहेर पडताना ती पहिल्यांदाच बघत होती. पेटी उघडी पडली होती, काच, दिवे, वायर, अंगठा, सगळं उजेडात होतं, आणि तरी तिच्या हाती काहीच लागलं नव्हतं.

तेवढ्यात छकुली खुर्चीवरून घसरली.

आधी तिचा एक हात ताठ झाला, मग दुसरा. डोळे वर गेले. अंग थाडथाड उडायला लागलं.

"उड्डाण!" कुणीतरी ओरडलं.

आणि लोकांनी दाणे फेकले. पेटीचं काय झालं ते आत्ताच पाहिलेल्या लोकांनीसुद्धा फेकले, कारण दाणे मुठीत होते आणि मुठी दुपारपासून ह्याच क्षणासाठी आवळलेल्या होत्या. पोरीच्या केसांवर, गालांवर, उघड्या तोंडापाशी दाण्यांचा सडा पडला.

"थांबा! घुसमटेल ती!" डॉक्टरीण किंचाळली, पण मध्ये माणसांची भिंत होती.

छकुलीची आई मात्र जवळच होती. ती एक क्षण दगडासारखी उभी राहिली. समोर हात जोडलेल्या बायका. शेजारी वारा घालणारी सासू. पायाशी पोर. मग ती खाली कोसळली आणि दोन्ही तळव्यांनी लेकीच्या तोंडावरचे दाणे सटासट बाजूला सारू लागली.

"टाकू नका! मेले हो, टाकू नका! फिट आहे ती! फिट आहे माझ्या पोरीला!"

सहा वर्षांत हे वाक्य तिने चारचौघांत कधीच म्हटलं नव्हतं. उगारलेल्या मुठी खाली आल्या.

"कुशीवर वळवा तिला," डॉक्टरीण माणसं ढकलत पोचली. "डोक्याखाली काहीतरी मऊ द्या. तोंडात काही घालायचं नाही, बोट नाही, चमचा नाही. दाबून धरू नका."

"मग काय करू?"

"थांबायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

त्या थांबल्या. खोलीतही सगळे थांबले. पोर उडत होती आणि घड्याळ चालत होतं. शिकलेली बाई गुडघे टेकून बसली होती आणि तिला ह्याहून जास्त काही येत नव्हतं. फिट थांबेना. पाच मिनिटं झाल्यावर ती म्हणाली, "उचला. हॉस्पिटल." लिफ्टवाल्याने लेकीला उचललं, आणि ह्या खेपेस गर्दी फाटली. पिंजरावाल्याने आधी धावत जाऊन रिक्षा थांबवली. फिल्टरमामा कुठे गेला ते कुणी पाहिलं नाही. पेटी तेवढी नेली असावी, कारण नंतर ती तिथे नव्हती.

इंजेक्शनने फिट थांबली. गोळ्या एकाएकी तोडल्या की अशी लांबलेली फिट येऊ शकते, आणि आणखी उशीर झाला असता तर मेंदूला इजा झाली असती, असं ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं. छकुली झोपली. तिच्या केसांत अजून दाणे होते. आई ते एकेक वेचून मुठीत ठेवत होती, कुठे टाकायचे ते न कळल्यासारखी.

"म्हणजे तिच्या डोक्यात पक्षी नाही," ती म्हणाली.

"नाही."

"पण तुम्हालाही दिसला होता."

"दिसला होता. दिसतो म्हणून तो असतो, असं नाही. मी तुमच्या देखत तसं बोलायला नको होतं. आमच्यात तशी सवय असते."

"पूल का नाही झाला?"

"तुमच्या पोरीचा का नाही झाला, ते मला ठाऊक नाही. कधी कारण सापडतं, पुष्कळदा सापडत नाही. शिडीने होत नाही, एवढं नक्की. वाटलं तर सासूबाईंना मी स्वतः सांगते."

"सांगून ऐकेल?"

डॉक्टरीणबाईंनी दुपारची खोली आठवली. "माहीत नाही."

आई पहिल्यांदा किंचित हसली. "तुम्हाला बरंच काही माहीत नाही हो." मग हसू गेलं. "उद्यापासून त्या बायका परत मुलांना आत घेतील."

"घेतील कदाचित."

"आणि तुम्ही त्याला काही करू शकत नाही."

"नाही."

नर्सने संध्याकाळची गोळी आणून दिली आणि जागी झाली की द्या म्हणाली. आईने ती पदराच्या टोकाला घट्ट बांधली.

डॉक्टरीण बाहेर आली तर दारापाशी बादलीवरची बाई उभी. ती इथवर मागोमाग आली होती. काखेत एक मोठं पाकीट होतं. चुरगळलेलं, बऱ्याचदा उघडलेलं.

"बाई, रागावू नका. आमच्या मुलाचा फोटो आहे. मामा म्हणाले होते पुढच्या वेळी आणा, ह्यात मासा आहे का बघतो." ती घुटमळली. "पोरगा अडीच वर्षांचा झाला, मान धरत नाही."

डॉक्टरीणबाईंनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. सगळं एका नजरेत दिसलं. मेंदूच्या पृष्ठभागावर वळ्याच नव्हत्या. गुळगुळीत, पार कडेपर्यंत गुळगुळीत. ह्यालाही त्यांच्यात एका वस्तूचं नाव होतं आणि ते जिभेच्या टोकावर आलं. तिने ते गिळलं.

"ह्यात मासा नाही. कुठलाच प्राणी नाही. मेंदूला बाहेरून वळ्या पडाव्या लागतात. ह्याच्या पडल्या नाहीत. पोटात असतानाच."

"पडतील का पुढे?"

"नाही."

बाईने मान हलवली. अशी उत्तरं आधी मिळालेल्या माणसाची ती मान होती.

"फिट येत असतील, तर त्या कमी ठेवता येतात," डॉक्टरीण म्हणाली. "गिळायला, बसायला मदत करणारी माणसं इथे आहेत. त्यांच्याकडे मी घेऊन जाते तुम्हाला. एवढंच आहे माझ्याकडे. फार नाही, हे मलाही कळतं. ह्यापेक्षा जास्त देणारा कुणीतरी तुम्हाला नक्की भेटेल, कारण जास्त देणारे पुष्कळ असतात. त्याच्या पाया पडण्याआधी त्याला विचारा, कसं? कसं बरं करणार, आणखी कुणाचं केलंत, त्या मुलाला भेटता येईल का? आणि तो म्हणाला चालू औषध बंद करा, तर पुढचं काही ऐकू नका, पोराला उचला आणि बाहेर पडा. प्रश्न विचारल्याने कुठल्याही देवाचा अपमान होत नाही. चिडतो तो बटणावर अंगठा ठेवून बसलेला माणूस."

बाईने हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग पाकीट सरळ करत तिने डोळे बारीक केले.

"आणि तुम्हाला विचारलं तर?"

"मलाही विचारा."

"चिडाल."

"नाही चिडणार."

"मग सांगा, वळ्या नाहीत हे कशावरून? मला तर सगळंच करडं दिसतंय."

डॉक्टरीणबाईंच्या अंधाऱ्या खोलीत हे आजवर कुणाच्याच आईने विचारलं नव्हतं. तिने बाकड्यावर जागा केली, फिल्म बाईच्याच हातात दिली आणि तो हात धरून उजेडाकडे वर केला.

"ही कड बघा," ती म्हणाली. "इथून सुरुवात करू."